घारीचा पंख शिवला, डोळा कोणी पाहिला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत झाली की पुढचे दोन-तीन आठवडे सगळ्याच वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास दिसते. नायलॉन मांजात अडकून जखमी झालेली घार बरी झाली असून वनाधिकारी, एखादे लोकप्रतिनिधी आणि स्वयंसेवक यांच्या उपस्थितीत तिला मोकळ्या आकाशात सोडण्यात आले, असे त्याखाली लिहिलेले असते. ते पाहून मलाही आनंद होतो. पण मी नाशिक जिल्ह्यात तीस वर्षे पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे गाई-म्हशींच्या जोडीने वनखात्याने आणून दिलेल्या घारी, शिक्रे, ससाणे आणि घुबडे तपासली. त्यामुळे हे छायाचित्र पाहताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो आणि तो विचारण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. सोडण्यापूर्वी त्या पक्ष्याचे डोळे कोणी तपासले होते का?

मांजाने पंख कापतो, हे सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत आमच्या येवल्यातल्या काही आसाऱ्यांवर, म्हणजे मांजाच्या फिरक्यांवर, अजूनही काय गुंडाळलेले असते, ते येवलेकरांना मी सांगायला नको. हा दोरा पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेल्या कातडीच्या पडद्यात बसतो आणि पक्षी जितका धडपडेल तितका आत रुततो. आणणाऱ्याला रक्त दिसते ते तिथले. म्हणून टाके तिथे पडतात, पट्टी तिथे बांधली जाते आणि पंख पुरता उघडू लागला की कागदावर पक्षी ‘तंदुरुस्त’ होतो. परंतु उडता उडता एकाएकी अडकलेली घार दोऱ्याच्या टोकाला लोंबकळत झाडाच्या बुंध्यावर, गच्चीच्या कठड्यावर नाहीतर विजेच्या खांबावर आपटते, कावळे तिच्यावर तुटून पडतात आणि कोणीतरी दोरा कापला की ती उंचावरून खाली कोसळते. शिकारी पक्ष्याचे डोळे कवटीच्या मानाने इतके मोठे असतात, की डोक्याला बसलेला मार डोळ्याला चुकणे कठीणच. बाहेरून पाहावे तर डोळा लखलखीत आणि पापणी शाबूत असते. दुखापत असते ती आत, डोळ्याच्या मागच्या पडद्यापाशी, म्हणजे रेटिनापाशी.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, एका घारीचे नुकसान करून शिकलो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एका वनरक्षकाने टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून, वरून गोणपाट बांधून एक घार दवाखान्यात आणली. डाव्या पंखाला मी सात टाके घातले. दवाखान्याच्या मागच्या रिकाम्या खोलीत तिला ठेवले, रोज कोंबडीचे तुकडे घातले आणि तीन आठवड्यांनी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उडू लागली तेव्हा रीतसर पंचनामा करून गावाबाहेर सोडून दिली. सोडताना वजन ७२० ग्रॅम होते. नवव्या दिवशी तीन-चार किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याने तीच घार कांद्याच्या चाळीखालून उचलून आणली. टाक्यांचे व्रण मोजले, सात भरले. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत होते आणि वजन होते ४६० ग्रॅम. शेतकरी म्हणाला, “साहेब, कोंबडीवाल्याच्या दुकानामागं चार दिवस बघतोय तिला. आतड्यावर झडप घालायला यायची, पण पंजा वीतभर बाजूला पडायचा. दुसऱ्या घारी उचलून न्यायच्या.” वीतभर बाजूला पडणारा तो पंजा, हेच माझ्या चुकीचे मोजमाप होते.

त्याच संध्याकाळी मी तिला तालुक्यातल्या एका नेत्रतज्ज्ञ स्नेह्यांकडे घेऊन गेलो. मोतीबिंदूची शिबिरे घेणारा हा माणूस; माणसांचे डोळे त्यांनी हजारोंनी पाहिलेले. त्यांनी सवयीप्रमाणे बाहुली मोठी करण्याचे थेंब घालायला सांगितले. अर्धा तास वाट पाहिली, पण बाहुली ढिम्म. शेवटी खोलीतले दिवे मालवून, डोक्याला दिव्याची पट्टी बांधून आणि हातात वीस डायॉप्टरचे भिंग धरून त्यांनी आधी उजव्या डोळ्यात पाहिले आणि चमकून म्हणाले, “डॉक्टर, हिच्या पडद्यावर रक्तवाहिन्याच नाहीत! आणि ही काळी गाठ कसली?” मीही भिंगातून पाहिले. ती गाठ नव्हती. पक्ष्यांच्या डोळ्यात दृष्टीच्या नसेच्या मुळापासून एक काळा, फणीसारखा चुण्यांचा अवयव आतल्या पारदर्शक द्रवात उभा असतो. त्याला पेक्टेन म्हणतात. पक्ष्यांच्या रेटिनावर माणसासारखे रक्तवाहिन्यांचे जाळे नसते, आणि तिचे काही पोषण या फणीतून होते. उजव्या डोळ्यातली फणी स्वच्छ होती. डाव्या डोळ्यात तिच्याभोवती जुन्या रक्ताची साय धरलेली होती आणि तिच्यामागे रेटिना सुटून मळकट पडद्यासारखी लोंबत होती. तोच डावा डोळा बाहेरून आरशासारखा स्वच्छ होता आणि तीन आठवडे मी रोज त्याच्याकडे पाहत होतो. घार दुसऱ्या दिवशी मेली.

मी तिचे डोळे मुळीच पाहिले नव्हते असे नाही. कुत्र्या-मांजरांचे पाहतो तसे पाहिले होते, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. कुत्र्याच्या डोळ्यापुढे एकदम हात नेला की तो पापणी मिटतो, म्हणजे त्याला दिसते. शिकारी पक्ष्याच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. धडधाकट नजरेची घारसुद्धा भीतीने गोठून टक लावून बसते आणि पापणी हलवत नाही. उलट पूर्ण आंधळा पक्षी हाताने ढवळलेली हवा पिसांना लागली म्हणून दचकतो, आणि आपण समाधानाने ‘दिसते’ असे लिहून मोकळे होतो. त्यामुळे मी आता हात आणि डोळा यांच्यामध्ये एक्स-रेची धुऊन स्वच्छ केलेली जुनी फिल्म धरतो, म्हणजे वारा लागत नाही. शिवाय पापणी मिटली का एवढेच न पाहता मानेवरची पिसे फुलली का, चोच उघडली का, पाठीमागे झुकला का, हे सगळे पाहतो.

दुसरा घोटाळा बॅटरीच्या उजेडाचा. एका डोळ्यात उजेड टाकला की माणसाच्या दोन्ही बाहुल्या आकसतात, आणि त्यावरून दोन्ही नसांचा अंदाज येतो. पक्ष्यांमध्ये डाव्या डोळ्याची नस मेंदूत पूर्णपणे उजवीकडे जाते आणि उजव्याची डावीकडे, त्यामुळे दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीकडून उत्तराची अपेक्षाच करता येत नाही. तरीही ती कधी कधी आकसलेली दिसते, कारण दोन डोळ्यांमधले हाड इतके पातळ असते की जोरकस उजेड आरपार जाऊन पलीकडच्या पडद्यावर पडतो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर नसती ग्वाही देऊन बसतो. त्यातच पक्ष्याच्या बाहुलीचा स्नायू आपल्या दंडाच्या स्नायूच्या जातीचा असतो. माणसाच्या बाहुलीवर माणसाची हुकमत चालत नाही. पक्ष्याची बऱ्याच अंशी चालते. चिडलेली घार उजेड असूनही बाहुली लहान-मोठी करत राहते. अॅट्रोपिनसारख्या थेंबांनी ती मोठी का होत नाही, याचे उत्तरही हेच. भूल देताना वापरतात त्या स्नायू सैल करणाऱ्या रॉक्युरोनियमसारख्या औषधाचे थेंब चालतात. पण ते अंगात भिनले तर श्वासाचे स्नायूही सैल पडू शकतात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंधारी खोली आणि दहा मिनिटांचा धीर यांवर बहुतेक वेळा भागते. आणि एवढे करून बाहुली उजेडाला आकसली तरी पक्ष्याला दिसतेच असे सिद्ध होत नाही. रेटिनाचा बराच भाग निकामी झाल्यावरही ती आकसू शकते.

इथे कोणी म्हणेल, की घार खोलीत भिंतीवर आदळत नव्हती ना, मग पुरे झाले. ‘घारीची नजर’ हा शब्दप्रयोग आपण माणसांसाठी सहज वापरतो, पण त्या नजरेचा अर्थ काय, हे एका मोजणीवरून सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या पाचरीसारख्या शेपटीच्या गरुडाला १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारीक रेघांचा आणि कोरा असे दोन फलक दाखवून, रेघांचा फलक निवडला तर खाऊ, असे शिकवले गेले. रेघा बारीक करत गेल्यावर दृष्टीच्या एका अंशात सुमारे १४० जोड्यांपर्यंत तो त्या ओळखू शकला; निरोगी माणूस साठीच्या आसपास थांबतो. म्हणजे गरुडाची नजर आपल्या दुपटीहून थोडी अधिक, ऐकीव गप्पांतली आठपट नव्हे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. गरुड, ससाणे, घारी अशा दिवसा शिकार करणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या रेटिनावर तीक्ष्ण नजरेचे दोन खळगे असतात. एक लांबचे बाजूने न्याहाळण्यासाठी आणि दुसरा दोन्ही डोळे एकाच ठिकाणी रोखून झडप घालण्यासाठी. यातल्या एका खळग्यावर ज्वारीच्या दाण्याहून लहान व्रण पडला, तरी पक्षी खोलीत मजेत उडेल, दांडीवर नीट बसेल, पुढ्यात टाकलेले मांस उचलेल आणि बाहेर गेल्यावर उपाशी मरेल. तो व्रण खोलीतल्या उडण्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी डोळ्याच्या आतच पाहावे लागते.

तालुक्याच्या दवाखान्यात हे जमणार कसे, अशी शंका माझ्या जुन्या सहकाऱ्यांना येईल. मलाही आली होती. क्रेट आणल्याबरोबर पक्ष्याला हात लावण्याची घाई न करता पाच मिनिटे फटीतून नुसते पाहावे. मान एका बाजूला धरतो का, एका बाजूने गुपचूप गेलो तर कळते का, दोन्ही बाहुल्यांच्या आकारात सतत फरक आहे का, एवढे तिथेच कळते. पकडल्यावर तोच पक्षी ताणाने वेगळा वागतो. त्यानंतर फ्लुरोसीन या रंगाची कागदी पट्टी सलाईनमध्ये भिजवून डोळ्याला लावावी. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पापुद्र्यावर, ओरखडा असेल तर निळ्या उजेडात तिथे हिरवट डाग चमकतो. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचले आहे का, ते साध्या टॉर्चच्या तिरक्या उजेडात दिसते. मग अंधार करून भिंगाने आत. आता तर डोक्यावरची पट्टीसुद्धा लागत नाही. वीस डायॉप्टरचे भिंग आणि फ्लॅश चालू ठेवलेला मोबाइल यांच्या मदतीने सरावलेला माणूस पडद्याचा व्हिडिओ काढतो आणि तो शंभर कोसांवरच्या जाणकाराला दाखवता येतो. पहिले वीस-पंचवीस पक्षी हात बसण्यात जातात, हेही सांगून ठेवतो. मी तर दवाखान्याशेजारच्या एका गृहस्थांच्या पाळीव कबुतरांवर सराव केला. ते अजून मला त्यावरून चिडवतात.

डोळ्यातला दाब मोजायचे उपकरण मिळाले तर उत्तम, पण त्यातही एक खाच आहे. माणसाचा दहा ते एकवीस हा आकडा डोक्यात बसलेला असतो. अमेरिकेत मोजमापे झाली तेव्हा सोनेरी गरुडात हा दाब वीसच्या थोडा पुढे निघाला आणि मोठ्या शृंगी घुबडात जेमतेम अकरा. म्हणजे एकच वीस हा आकडा गरुडात ठीक आणि घुबडात जवळजवळ दुप्पट. शिवाय पक्षी धरताना मान आवळली गेली, तर आकडा त्यानेच वाढतो. आत रक्त भरून भिंगाने काही दिसेनासे झाले, तर नेत्ररुग्णालयातल्या सोनोग्राफीवर रेटिना जागेवर आहे की सुटली, ते कळते. माझ्या स्नेह्यांनी ओपीडी संपल्यावर अशा कितीतरी तपासण्या कसलेही शुल्क न घेता करून दिल्या. प्रकाश पडल्यावर रेटिनात उमटणारी वीज मोजण्याची तपासणीही आहे. त्यासाठी भूल द्यावी लागते आणि सोय मोठ्या शहरातच असते, म्हणून तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

औषधांबद्दल मात्र दोन वाक्ये लिहिलीच पाहिजेत, कारण बचाव पथकांच्या पेटीत मी माणसांचे आय-ड्रॉप्स सर्रास पाहतो. स्टिरॉइडचे थेंब लहानशा पक्ष्याच्या अंगभर पोचून त्याची प्रतिकारशक्ती पाडतात आणि शिकारी पक्ष्यांच्या फुप्फुसात बुरशी धरायला तेवढे निमित्त पुरते. गिधाडांचा विनाश झाल्यावर ज्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामकावर २००६ मध्ये जनावरांच्या उपचारांसाठी बंदी आली, त्याचे थेंब शिकारी पक्ष्याच्या डोळ्यात घालण्याचे धाडस मी करत नाही आणि इतरांनीही करू नये.

घुबडांचा विषय निराळा आहे आणि आपल्या समजुतींमुळे तो अधिकच अवघड होऊन बसला आहे. मराठीत आपण घुबडाला ‘दिवाभीत’ म्हणतो आणि ते दिवसा आंधळे असते, असे धरून चालतो. घुबडाला दिवसा दिसते. आमच्याकडे वडाच्या ढोलीतला पिंगळा भर दुपारी कुंपणावर बसलेला सापडला म्हणून ‘आंधळा झालाय’ असे सांगत लोक त्याला उचलून आणत, आणि मी त्याला काहीही न करता संध्याकाळी त्याच ढोलीपाशी सोडून येत असे. हा समज निदान गंमतीचा तरी आहे. त्याची उलटी बाजू घातक आहे. मोटारीच्या धडकेने दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलेले गव्हाणी घुबड कोपऱ्यात दगडासारखे बसून राहिले, तर ‘दिवसा त्याला दिसत नाहीच, रात्री आपोआप उडेल’ म्हणून रात्री गच्चीवरून सोडून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. घुबडाचा डोळा गोल नसून नळीसारखा असतो, त्याभोवती हाडांचे कडे असते, आणि तो खोबणीत फिरत नाही. म्हणून तर निसर्गाने त्याला पाऊण वर्तुळ फिरणारी मान दिली आहे. तपासणाऱ्याला मात्र घुबड सोपे जाते, कारण अंधारात त्याची बाहुली प्रचंड मोठी होते आणि भिंग धरताच मागचा नारिंगी पडदा स्वच्छ दिसतो. काही घुबडांच्या कानाच्या भोकावरची पिसे हलक्या हाताने बाजूला केली, तर डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू थेट दिसते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास बसला नव्हता.

डोळा आतून ठीक दिसला, तरी शेवटची परीक्षा उडण्याचीच, आणि तीही विचाराने घ्यायला हवी. पिंजऱ्यात चार दिवस राहिलेला पक्षी दांड्या पाठ करतो. एका डोळ्याने अधू असलेली घारसुद्धा नेहमीच्या दांडीवर अचूक उतरते, कारण ती पाहून उतरत नसते, आठवणीने उतरत असते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री दांड्यांच्या जागा आणि उंची बदलाव्यात. घार उडता उडता पंज्याने घास उचलणारा पक्षी आहे. मोठ्या पिंजऱ्यात मांसाचा तुकडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हवेत फेकावा आणि दहापैकी किती झेलले, ते बाजूवार लिहून ठेवावे. घुबडाची परीक्षा घेताना तर आवाज पूर्ण टाळावा लागतो, कारण गव्हाणी घुबड काळोखात नुसत्या कानांच्या जोरावर उंदीर पकडते. खुडखुड करणारी वस्तू ओढून ते झेपावले, तर आपण त्याचे कान तपासले, डोळे नव्हे. कापसाचा बोळा काळ्या दोऱ्याने गालिच्यावरून बिनआवाज ओढावा आणि मान त्याच्यामागे वळते का, ते पाहावे.

एका डोळ्याने अंध झालेल्या पक्ष्याचे काय करायचे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. कानाने शिकार करणारे गव्हाणी घुबड एका डोळ्यावर तग धरू शकते, हे मला पटते. ससाणा किंवा शिक्रा यांना वेगात पाखरू धरायचे असते. त्यांना एका डोळ्याने सोडणे म्हणजे उपासमारीच्या हवाली करणे. घार उकिरड्यावर जगते, म्हणून तिला चालेल, असे काही जण म्हणतात. तारा, मांजा आणि कोंबडीवाल्याच्या मागची झोंबाझोंबी पाहिलेला मी त्यांच्याशी सहमत नाही. निदान काही आठवडे मोठ्या पिंजऱ्यात वर सांगितलेली परीक्षा पास झाल्याशिवाय तिला सोडू नये. अशा पक्ष्याला जन्मभर सांभाळायचे की दयामरण द्यायचे, हा निर्णय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौकटीत वनखात्याशी बोलूनच घ्यावा लागतो आणि तो कोणालाच सुखाचा नसतो. सोडून दिले की तो टळतो, एवढ्याच कारणाने काही पक्षी सोडले जातात, हे मला कटू वाटले तरी खरे वाटते.

गेल्या वर्षी एका उपचार केंद्रात सुटकेचा फॉर्म माझ्या हाती आला. पक्ष्याची जात, वजन, कोणत्या पंखाला इजा, टाके कधी काढले, किती मीटर उडाला, सोडण्याचे ठिकाण आणि उपस्थित मान्यवरांची नावे, असे सगळे रकाने त्यात होते. मान्यवरांसाठी चार ओळी होत्या. डोळ्यांसाठी एकही नव्हती. तिथली मुले मनापासून काम करतात, रात्री-अपरात्री झाडांवर चढतात; त्यांच्यावर माझा रोख नाही. फॉर्म त्यांनी तयार केलेला नव्हता. पण जो रकाना छापलेला नसतो, तो कोणी भरत नाही, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाइतके कोणाला कळणार?

वनखात्याने शिकारी पक्ष्यांच्या सुटकेच्या प्रमाणपत्रात उजवा डोळा आणि डावा डोळा असे दोन स्वतंत्र रकाने घालावेत आणि तपासणाऱ्या पशुवैद्यकाच्या सहीशिवाय पक्षी सोडू नये, एवढी माझी मागणी आहे. ‘डोळे ठीक’ असा एकत्र शेरा चालू नये. भिंगाने आत पाहिले की नाही, ते लिहिणे भाग पडले पाहिजे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुंबईचे तर १८८६ पासूनचे. त्यांनी दर डिसेंबरात आपापल्या भागातल्या पशुवैद्यकांसाठी दोन दिवसांचा हाताने शिकवणारा वर्ग घ्यावा आणि संक्रांतीच्या पंधरवड्यात मोबाइलवरून आलेले व्हिडिओ पाहून सल्ला देणारा एक माणूस नेमावा. गावोगावच्या नेत्रतज्ज्ञांनाही विनंती आहे, की ओपीडी संपल्यावर एखादा पशुवैद्यक खोक्यात घार घेऊन दारात उभा राहिला तर त्याला परत पाठवू नये. आणि आपल्यासारख्या वर्तमानपत्रांनी सुटकेचे छायाचित्र जरूर छापावे, मात्र वार्ताहराने डोळ्यांची तपासणी कोणी केली, हे विचारून तेवढे एक वाक्य बातमीत घालावे.

दोन रकान्यांचा एक साधा नमुना-फॉर्म मी तयार केला आहे. माझ्याच जुन्या तालुक्यातले दोन पशुवैद्यक तो गेल्या हंगामापासून मूळ फॉर्मला टाचणी लावून जोडतात. ज्यांना हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मागवावा. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी मोकळा असतो. नाशिक जिल्ह्यात कुठेही बोलावल्यास भिंग घेऊन येईन. फक्त खोली पूर्ण अंधार होईल अशी निवडावी आणि सरावाला चार-सहा कबुतरे मिळतील का, ते आधी पाहून ठेवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
नाशिक जिल्हा